सुकेपर्यंत धरायचं

विमानांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठत जातात. एक, किटमधले उरलेले सुटे भाग आणि दुसरी, किस्से. दोन्हींचा उपयोग काही नाही आणि दोन्ही टाकवत नाहीत. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सात चाकं, एक शेपूट आणि कोणत्या विमानाच्या ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही अशा दोन मशीनगना आहेत. डबा हलवला की खुळखुळतो. मीही तसाच. "पनवेलला असताना तुम्ही रविवारी करायचात तरी काय?" एवढं कुणी विचारायचा अवकाश, लागलो खुळखुळायला!

तर आधी मंडळींची ओळख. एकोणीसशे बासष्ट ते पासष्टच्या दरम्यानची गोष्ट. आम्ही चौघं. घर लिमये सरांचं, लाइन आळीतलं. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. फळ्यावर हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ कंपासनं तपासलं तरी चुकायचं नाही. दुसरे दाऊदभाई. बोटीवरचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, आता निवृत्त होऊन मोहल्ल्यात राहणारे. त्यांचा पुतण्या बोटीवर होता आणि विलायतेच्या फेरीत तो आमच्यासाठी किट आणायचा. तिसरा हिराजी कोळी. बंदरावर होड्या रंगवायचा. ब्रश हातात घेतला की त्याचा श्वासही ऐकू येत नसे. आणि चौथा मी. पोस्टात तारेच्या टेबलावर. कडकट्ट करत तार यायची, ती कागदावर उतरवून घ्यायची, हे माझं काम. त्यामुळे सगळे मला तारबाबू म्हणत.

रविवारी जेवणं झाली की सरांच्या पडवीत टेबल मांडलं जायचं. प्लास्टिकच्या फांदीला लागलेले भाग ब्लेडनं कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सरांचा नियम एकच. ज्यानं भाग धरला त्यानंच तो सुकेपर्यंत धरायचा. हात बदलायचा नाही. हात बदलला की पंख तिरका बसतो. मग नाकाला खाज सुटो, शिंक येवो, घरी पाहुणे येवोत. दाऊदभाईंची एकदा नमाजाची वेळ झाली आणि हातात शेपूट होतं. त्यांनी सरांकडे अशा नजरेनं पाहिलं की नियम त्या दिवसापुरता दहा मिनिटं मोडला. शेपूट तिरकंच बसलं.

लिमयेवहिनी चहा आणायच्या, चौघांकडे एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "चार बाप्ये आणि वीतभर विमान."

* * *

पहिलं जेट आम्ही केलं ते तीन चाकांवर उभं राहणारं. दोन रविवार खपून ते तयार झालं. सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि विमानानं नाक वर करून शेपूट खाली टेकवलं. पुढचं चाक हवेत.

पुन्हा ठेवलं. पुन्हा बसलं. नैवेद्याकडे बघणाऱ्या मांजरासारखं!

मी किटमधला सूचनांचा कागद उघडला. आम्ही कागद नेहमी शेवटी वाचायचो. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की धड चिकटवण्याआधी नाकात वजन भरावं. धड चिकटून आठवडा झाला होता. सरांचा चेहरा एवढासा झाला. आता फोडायचं कसं, यावर तासभर चर्चा. मला तर त्या रात्री झोप लागली नाही. मला साध्यासाध्या गोष्टींनीही झोप लागत नाही, ते तुम्हाला पुढे कळेलच.

हिराजी उठून गेला आणि पुढच्या रविवारी खिशातून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेऊन आला. टाचणी तापवून त्यानं नाकाखाली भोक पाडलं, मणी आत सोडले, भोक मेणानं बुजवलं आणि वरून रंग दिला. विमान तीन चाकांवर शहाण्यासारखं उभं राहिलं.

"आता कवा उडवतो याला?" त्यानं विचारलं.

* * *

सरांचा मुलगा अविनाश हवाई दलात पायलट होता. खरीखुरी हंटर विमानं उडवायचा. पासष्टच्या जुलैत तो सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही आमची फौज कपाटातून काढून त्याच्यापुढे मांडली. परीक्षेला बसल्यासारखे चौघं उभे. अवीनं एकेक विमान उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि हळूच खाली ठेवलं. मग म्हणाला, "सुरेख आहेत बाबा. पण यातली तीन धावपट्टीवरच पडतील."

सरांनी वही काढली आणि चुका लिहून घेतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सरांना सांगितलं, "हंटरचं किट मिळालं तर करा. पण माझा पायलट मी पत्रातून कळवीन तेव्हाच बसवा. आमच्याकडेही पायलट बसल्याशिवाय वरचं झाकण लागत नाही."

सर म्हणाले, "शब्द दिला."

झाकण म्हणजे पायलटच्या डोक्यावरचा तो पारदर्शक फुगा. तो एकदा चिकटला की आत काही घालता येत नाही. त्यामुळे आधी पायलट, मग झाकण, हा आमच्या धंद्यातला शेवटचा टप्पा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दाऊदभाईंचा पुतण्या हंटरचं किट घेऊन आला. सरांनी त्याच दिवशी अवीला कळवलं आणि कामाला लागले. पायलट करंगळीच्या नखाएवढा होता. सरांनी एका केसाच्या ब्रशनं त्याला अवीच्या मिशा काढल्या. मग त्याला कापसात गुंडाळून आगपेटीत ठेवलं आणि उत्तराची वाट बघत बसले.

आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली.

* * *

आता हवालदारांचा किस्सा सांगतो, म्हणजे जरा हलकं वाटेल. मला तेव्हा मुळीच हलकं वाटलं नव्हतं.

रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लागले होते. जो तो हेर शोधत होता. अशा दिवसांत कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं की लिमये मास्तरांच्या पडवीत विमानांचे नकाशे आहेत आणि दर रविवारी तिथे बैठक भरते. रविवारी भरदुपारी हवालदार दारात! मी सरकारी नोकर, त्यातून तारेच्या टेबलावरचा. मला डोळ्यांपुढे बिनपगारी घरी बसलेला मी दिसलो. त्यांनी काही विचारायच्या आतच मी माझं नाव, गाव, आजोबांचं नाव आणि शाळेतले गुण सांगून मोकळा झालो.

हवालदार टेबलाशी आले. सर त्या वेळी हंटरचा डावा पंख लावत होते आणि नाकावरून घसरलेला चष्मा वर करायला त्यांना हात नव्हता. "जरा धरता?" ते सवयीनं म्हणाले. हवालदारांनी धरला.

झालं. आता सुकेपर्यंत त्यांनाच धरावा लागणार! हात बदलायचा नाही, हे दाऊदभाईंनी त्यांना फार अदबीनं समजावलं. वीस मिनिटं हवालदार पंख धरून बसले. चौकशी तशीच चालू राहिली. मुलगा काय करतो, या प्रश्नावर सरांनी उत्तर दिलं आणि हवालदारांनी पंख आणखी घट्ट धरला.

उठताना ते एवढंच म्हणाले, "हे आपलं विमान होय? मग नीट करा."

* * *

पण चौकशी तर एका दुपारची. माझी खरी तारांबळ निराळीच होती.

त्या दिवसांत वाईट बातमी तारेनं यायची, आणि पनवेलला आलेली तार आधी माझ्या कानांवर पडायची. यंत्र कडकडलं की मी मनात देवाचं नाव घ्यायचो. पहिली अक्षरं लिमये या नावाची नाहीत हे कळेपर्यंत मी खुर्चीत नीट बसतही नसे. कुणाच्या तरी मुलाचं लग्न ठरलेलं असायचं आणि मी घाम पुसत असायचो.

वहिनींचं आणखी वेगळं. मी रविवारी फाटकातून आत शिरलो की त्या माझ्या तोंडाकडे बघतच नसत. हातांकडे बघत. हे माझ्या लक्षात यायला दोन रविवार लागले. एकदा मी हिरव्या रंगाची डबी कागदात गुंडाळून घेऊन गेलो. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. माझ्या हातातला कागद पाहिला आणि त्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. तांदूळ सगळे मातीत. मी धावत जाऊन कागद फाडून डबी दाखवली. त्यांनी डबीकडे बराच वेळ पाहिलं, मग तांदूळ गोळा करायला लागल्या. मीही बसलो गोळा करायला. दोघांनाही दाणे नीट दिसत नव्हते.

तेव्हापासून मी ठरवलं. फाटकाबाहेर थांबायचं, दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचं, "वहिनी, मी रिकामा आलोय!"

आळीतल्या लोकांना वाटायचं, या माणसाचं काहीतरी बिनसलंय. बरोबरच होतं त्यांचं.

* * *

याच काळात पायलट हरवला.

सर रोज एकदा आगपेटी उघडून त्याला बघायचे. त्या रविवारी उघडताना दाऊदभाईंचा धक्का लागला आणि कापूस एकीकडे, पायलट भलतीकडे. चौघंही एका क्षणात जमिनीवर, हातापायांवर. सरांचं वय छपन्न, दाऊदभाईंचं साठीच्या पुढे.

वहिनी बाहेर आल्या. "काय हरवलंय?"

सर म्हणाले चाक. दाऊदभाई म्हणाले ब्लेड. मी म्हणालो, माझं बटण. हिराजीला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "कायतरी हाय, वैनी." वहिनी आत गेल्या आणि आम्ही पडवीतला शेणाचा पोपडा न् पोपडा चिमट्यानं उलटा केला. पायलट मिळाला नाही. दाऊदभाई घरी जाईपर्यंत तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेत होते. सर भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना शिकवताना पाहिलंय, रागावताना पाहिलंय. असे बसलेले कधी पाहिले नव्हते.

सोमवारी मी दिवसभर टेबलावर होतो. अकरा तारा उतरवल्या. संध्याकाळी सायकलवर बसताना पॅंटची दुमड झटकली आणि त्यातून टुणकन पायलट पडला. मिशा शाबूत!

म्हणजे दिवसभर, त्या अकराही तारांना, तो माझ्याबरोबर बसून होता.

मी तसाच सरांकडे गेलो. फाटकाशी हात वर करून "रिकामा आलोय" म्हणालो. पायलट तोंडात धरला होता, त्यामुळे उच्चार जरा वेगळा झाला. सरांनी त्याला धुतलं, पुसलं आणि आगपेटीला दोरा बांधला.

* * *

पत्र येत नव्हतं. हंटर मात्र पुरं होत आलं होतं. धड, पंख, शेपूट, वर राखाडी आणि हिरवा रंग. पंखांवर सरांनी केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळं काढली. किटमधली विलायती वर्तुळं आम्ही वापरली नाहीत. आता फक्त पायलट आणि झाकण.

तीन दिवसांनी संध्याकाळी गेलो तर विमान नागडं. सरांनी सगळा रंग खरवडून काढला होता. म्हणाले, हिरवा जरा गडद झाला होता. पुन्हा रंगवलं. आणखी दोन दिवसांनी पुन्हा नागडं. आता म्हणे राखाडी फिका.

तिसऱ्यांदा नागडं झालं तेव्हा हिराजीनं विमान उचलून उजेडाकडे धरलं. "सर, आनी किती खरडनार? प्लास्टिक पातल झालंय. बोट दिसतंय पल्याडचं."

सरांनी विमान त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बसवा त्याला. आमी नवी होडी कदी रिकामी पान्यात नाय सोडीत. रिकामी सोडली तं दर्या आपला मानूस मागतो. एक जन तरी बसवायलाच लागतो."

"त्यानं कळवल्याशिवाय नाही," सर म्हणाले. "मी शब्द दिलाय."

दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही घाबरलेले होते. दाऊदभाईंनी दोघांच्या मध्ये चहाचे कप ठेवले. मी कुणाच्या बाजूचा होतो म्हणाल, तर दोघांच्याही. मला बसवायचंही भय आणि न बसवायचंही. त्या आठवड्यात माझं चार पौंड वजन उतरलं.

* * *

मग पत्र आलं. दुपारची डाक लावताना आमच्या पोस्टमननं मला हाक मारली आणि पाकीट दाखवलं. वर अवीचं अक्षर, फौजी शिक्का. पोस्टमास्तरांना विचारून ते पोचवायला मी स्वतः निघालो. सायकल अशी हाणली की दोनदा चेन पडली. फाटकाशी पोचलो, हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो,

"वहिनी, मी रिकामा आलोय!"

सवय हो! हातात पाकीट, आणि तोंडातून हे.

वहिनी दारापर्यंत आल्या होत्या. ऐकलं आणि मान हलवून आत वळल्या. मला पुढे बोलता येईना. शेवटी मी सायकलची घंटा वाजवत राहिलो, वहिनी पुन्हा बाहेर येईपर्यंत.

पत्र सरांनी उघडलं. आधी तारीख पाहिली. तारीख गणपतीतली होती, लढाई पेटायच्या आधीची. पत्र कुठेतरी अडकून तीन आठवड्यांनी आलेलं. आत त्यानं मोदकांची चौकशी केली होती आणि शेवटी लिहिलं होतं, "किट आलं हे छान झालं. बसवा आता मला."

पत्राचं ऐकून बंदरावरून आलेल्या हिराजीनं लगेच चिमटा पुढे केला. सरांनी पत्राची घडी घातली आणि विमानाखाली सारली.

"हे आधीचं आहे," ते म्हणाले. "आत्ताचं येऊ दे."

वहिनी उभ्याच होत्या. त्या हिराजीला म्हणाल्या, "यांचं बरोबर आहे, भावोजी." त्यांना सरांच्या बाजूनं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

* * *

रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं. लोकांनी खिडक्यांचे काळे कागद काढले. सरांनी काढले नाहीत. दसरा झाला. तरी पत्र नाही आणि तारही नाही. तार नाही हे चांगलं, असं मी रोज स्वतःला सांगायचो आणि रोज ते जरा कमी पटायचं.

दसऱ्यानंतरचा रविवार. आम्ही चौघं टेबलाशी. करायला काम नव्हतं. रंग पुन्हा खरवडायला प्लास्टिक उरलं नव्हतं. हिराजी धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत होता. फाटक वाजलं. मी सवयीनं "रिकामा आलोय" म्हणायला तोंड उघडलं, पण मी तर इथंच बसलो होतो.

अवी होता. एसटीतून उतरून चालत आलेला. वाळलेला, डावा कान आणि मान भाजल्यासारखी लाल, आणि मिशा नाहीत. सर उठले आणि उभेच राहिले. दाऊदभाईंनी डोळे मिटले. वहिनी आतून चहाचे चार कप घेऊन आल्या, त्यांनी तबक टेबलावर ठेवलं, अवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून एक आणते." आणि पुन्हा आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं.

मी अवीला म्हणालो, एक तार करायची होती, निदान येतोय म्हणून.

तो म्हणाला, "करणार होतो काका. पण मग ती तुम्हाला घ्यावी लागली असती."

इतक्या दिवसांत मला कुणी एवढं ओळखलं नव्हतं.

अवीनं हंटर उचललं. झाकण नव्हतं, आत कोणी नव्हतं. खालची पत्राची घडी त्यानं पाहिली आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "आत्ताचं पत्र आलं नव्हतं." मग त्यांनी आगपेटीचा दोरा सोडला. कापूस उलगडला. चिमट्यानं पायलट उचलला आणि हात थरथरायला लागला. वर्तुळ न चुकणारा हात! हिराजीनं पुढे होऊन खुर्चीला डिंकाचा एक थेंब लावला, सरांच्या मनगटाला खालून आधार दिला, आणि दोघांनी मिळून पायलट बसवला.

पायलट जरा एका अंगाला कलला.

"कुणीतरी धरा," सर म्हणाले.

"आई, तू धर," अवी म्हणाला.

वहिनींनी तीन वर्षांत आमच्या एकाही विमानाला हात लावला नव्हता. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि पायलटच्या डोक्यावर हलकेच टेकवलं. दाऊदभाईंनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं झाली. चहा निवला. दाऊदभाईंनी घड्याळ खिशात घातलं.

अवी विहिरीवर गेला. रहाटाचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. तो डोकं पुसत परत आला आणि आईच्या शेजारी बसला. वहिनींचं बोट तिथंच.

"अगं, सुकलं," सर हळूच म्हणाले.

"कळतंय मला," वहिनी म्हणाल्या.